पोस्टमास्तरांचे परागकण

६ फेब्रुवारी

निवृत्तीच्या दिवशी पोस्टातल्या मंडळींनी ही डायरी दिली होती. इतकी वर्षं कोरी पडून होती, कारण लिहावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं. नागोयाहून लेकीचा, कानाएचा फोन आला, आणि तीन मार्चला बाहुल्यांच्या सणाला येते म्हणाली होती ते आता नक्की नाही म्हणाली.

घरच्या मुलींसाठी बाहुल्या मांडतात तो हा सण, आणि सुझूचा पहिलाच. नात साडेतीन महिन्यांची झाली आणि मी तिला अजून फोनच्या काचेतच पाहतो आहे. माझी बायको सुमिए लेकीच्या बाळंतपणाला जाऊन महिनाभर राहून आली. मला मात्र "घरात जागा नाही, आणि छपरावरचा बर्फ कोण काढणार" असं सांगून मायलेकींनी इथेच ठेवलं. बर्फ मी काढला. नात पाहायची राहिली.

कानाए इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर लोकांच्या नाकातल्या काड्या तपासते, त्यामुळे तिला जिथे तिथे विषाणू दिसतात. मी म्हटलं, अगं, फ्लू तर उतरणीला लागला. तर म्हणे, "बाबा, एक उतरला की दुसरा चढतो. तुम्हाला नुसती सर्दी होईल, पण एवढ्याशा बाळाला त्याने श्वास घेता येत नाही. तुमच्या भागातले आकडे खाली येऊ देत, मग येते."

ठीक आहे. आकडे खाली आणायचे आहेत ना, आणू. डोंगरातल्या पोस्टात जन्म काढला, छातीएवढ्या बर्फातही टपाल थांबू दिलं नाही. शिवाय यंदा आळीचं प्रमुखपद आमच्या घराकडे आहे. मार्चअखेरपर्यंत नऊ घरांना चार शब्द सुनावायचा मला हक्क आहे.

८ फेब्रुवारी

आओयागी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. आजारी म्हणून नव्हे. मला सर्दी होत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. गेलो ते माहिती काढायला.

त्यांचा लहान मुलांचा दवाखाना नेमलेल्या दवाखान्यांपैकी आहे. कशाने किती पोरं आली ते अशा दवाखान्यांनी दर आठवड्याला कळवायचं, आणि त्या सगळ्यांची सरासरी काढून जिल्हा जाहीर करतो. कानाएला हवे आहेत ते आकडे हेच. मी विचारलं, फ्लू गेल्यावर आणखी कोण उरतं? बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या खिडकीसमोर रांग असायची ना, तसं आहे हे. पहिला बाजूला झाला की मागचा पुढे सरकतो. रांग कधी संपत नाही, फक्त लांबते नाहीतर आखडते." त्या रांगेतल्या आणखी दोघांची नावं त्यांनी लिहून दिली. एकाचं आरएस, सुटसुटीत. दुसऱ्याचं इतकं लांब की पाकिटावर पत्त्याला जागा उरणार नाही. मी त्याला मेटान्यूमो एवढंच म्हणायचं ठरवलं आहे.

बाहेर बाकावर बसून मी तक्ता आखत होतो. शेजारी एक गोड पोरगं होतं. माझ्या रंगीत पेन्सिली पाहून ते सरळ मांडीवरच येऊन बसलं आणि तक्त्यावर, पेन्सिलींवर आणि माझ्यावर मनसोक्त शिंकलं. आई बिचारी माफी मागून मागून वाकली. मी म्हटलं, असू दे हो, लेकरूच आहे. पेन्सिली बाहीला पुसल्या आणि काम पुढे चालू ठेवलं.

तक्ता समाजमंदिराच्या दारावर लावला आहे. फ्लू लाल, आरएस निळा, मेटान्यूमो हिरवा. लाल रेघ छान उतरते आहे. हिरवी आत्ता कुठे जमिनीवरून डोकं वर काढते आहे.

१४ फेब्रुवारी

आज आळीची पाटी फिरवली. एरवी पाटीला सूचना अडकवायची, प्रत्येक घराने वाचून शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराशी ठेवायची, अशी पद्धत. पण अशाने लोक वाचत नाहीत, नुसता शिक्का मारतात. म्हणून या वेळी मी स्वतः घरोघर पाटी घेऊन गेलो आणि हात कसे धुवायचे, मास्क कसा लावायचा, खिडकी कधी उघडायची हे प्रत्येकाला समोर बसवून समजावलं.

आमच्या शिन्शूत पाहुण्याला चहा आणि पाल्याचं लोणचं पुढे केल्याशिवाय कोणी बोलू देत नाही, आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. मास्क काढल्याशिवाय चहा पिता येत नाही. ओनोझावा आजींनी रजईच्या टेबलाखाली शेगडीशी पाय घालून बसवलं, आणि त्यांचं लोणचं यंदा इतकं जमलं आहे की दोनदा वाढून घेतलं. तातामीच्या चटया विणणाऱ्या मोमोसेकडे तर बुद्धिबळाचा एक डावही झाला. तो हरला. मोमोसे माझा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याला हरण्याची सवय आहे.

१५ फेब्रुवारी

नाक किंचित वाहतं आहे. घसाही थोडा खरखरतो. सुमिए म्हणाली, सर्दी झाली तुम्हाला. मी तिला शांतपणे समजावलं की ही सर्दी नाही, देवदाराचे परागकण आहेत. गावातल्या निम्म्या लोकांना दर वसंतात होतो तो त्रास आता मलाही सुरू झाला. वयानुसार होतं असं.

ती म्हणाली, "अहो, देवदारांवर अजून बर्फ आहे."

बर्फाखालीही झाड जिवंत असतंच ना? तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१९ फेब्रुवारी

फोनवर सुझू हसली. माझ्याकडे पाहून हसली. सुमिए म्हणते वायूमुळे, पण मला कळतं. तेवढ्यात मला ढास लागली. कानाएने विचारलं, "बाबा, हा खोकला कसला?" मी म्हटलं, परागकण. ती म्हणाली, आईला द्या फोन. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बाहुल्या कशा मांडायच्या ते ठरवत असतील.

आजपासून सुमिएने माझं अंथरूण वरच्या खोलीत घातलं. माझ्या घोरण्याने तिला झोप येत नाही म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आज लक्षात आलं.

२२ फेब्रुवारी

वाईट बातमी. ओनोझावा आजींना ताप आला. त्यांच्या पलीकडचे न्हावी कारासावा काल दुकान बंद करून झोपले. आज तिसऱ्या घरातली सून खोकते आहे. सगळ्यांचं तेच, घसा, नाक, मग छातीत घरघर. कारासावांच्या पाच वर्षांच्या नातवाला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर मेटान्यूमो निघाला. हिरवी रेघ एकदम उसळली आहे. आणि नेमकी माझ्या आळीत, जिथे मी एवढा जीव तोडून सांगून आलो.

माझ्या मते हे काम स्कीवाल्या पर्यटकांचं. सुमिए म्हणाली, आपल्या आळीत पर्यटक कोण आलाय? मग पेपरवाला असेल. त्याच्यावर लक्ष ठेवतो आहे.

नैराश्य येऊ द्यायचं नाही. पण सण तोंडावर आला आहे, आणि ही रेघ जितकी वर जाईल तितकी सुझू लांब जाईल.

२७ फेब्रुवारी

आज उलगडा झाला.

आळीचा नकाशा काढून कोणतं घर कधी पडलं तिथे टाचण्या खोचल्या होत्या. मोमोसे आला होता. म्हणजे दाराशीच उभा होता, आत येत नव्हता. तोही नुकताच तापातून उठला आहे. त्याने लांबूनच मान वाकडी करून नकाशा पाहिला आणि म्हणाला, "तोकुजी, ही तर पाटीची वाट आहे. पहिली ओनोझावा, मग कारासावा, आणि शेवटी मी. ज्या क्रमाने पाटी आली त्याच क्रमाने आम्ही झोपलो."

मी थक्क झालो. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हटलं, म्हणजे पाटीला विषाणू चिकटलेत!

मोमोसेने मास्क नाकावर आणखी वर ओढला. मग म्हणाला, "पाटीला, हो. पाटीबरोबर आणखी काय काय घरात येतं, कोणाला ठाऊक." तातामीवाला असला तरी माणूस कधीकधी मार्मिक बोलतो.

लगेच पाटी स्पिरिटने घासून काढली. दुपारी पुन्हा नऊही घरी जाऊन ती कशी पुसायची ते करून दाखवलं. ओनोझावा आजी अजून अशक्त होत्या तरी त्यांनी चहा टाकलाच. माझे परागकण आज जरा जास्त होते, पाटी पुसता पुसता चारदा शिंकलो.

३ मार्च

सण. कानाए आली नाही.

सुमिएने लाल कापड अंथरून राजा-राणी मांडले, खाली दासी, वादक, पीचच्या फांद्या. रंगीत भात केला, मोची म्हणजे तांदळाची चिकट वडी, तीही तिरंगी आणली. दोघंच जेवलो. ती या टोकाला आणि मी त्या टोकाला, कारण टेबल पुसून ओलं आहे म्हणे. कानाएच्या पहिल्या सणाला सासऱ्यांनी पाठवलेल्या बाहुल्या या. तेव्हा त्यांच्यासमोर ती पालथी पडून वादकांची ढोलकी ओढत होती. आज त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. एका रेघेपुढे म्हातारा माणूस हरतो म्हणजे काय.

उद्या बाहुल्या पेटीत ठेवायला हव्यात. उशीर केला तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं असं म्हणतात. पण सुमिए म्हणाली, "राहू देत. माझ्या माहेरी डोंगराकडे हा सण एक महिना उशिरा करतात, पीच फुलल्यावर. तीन एप्रिलला करू."

मी म्हटलं, आणि सुझूचं लग्न लांबलं तर?

"लांबू दे. मी वेळेवर केलं, काय मोठं मिळालं?"

पण हसून म्हणाली. आणि माझ्या वाटीत आणखी भात वाढला, लांबून, पळी लांबवून.

९ मार्च

लोकांना शिस्त लागते आहे. ओनोझावा आजी आज खिडकीतूनच म्हणाल्या, "मास्तर, पाटीच दोषी आहे म्हणता ना, मग यापुढे ती पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवत जा. तुम्ही आत यायचा त्रास घेऊ नका." मला हे मनापासून पटलं. बाकीच्या आठ घरांनीही जवळजवळ याच शब्दांत हेच सांगितलं. कोणीही चहाला बोलावलं नाही. जनजागृती म्हणतात ती हीच.

संध्याकाळी आमच्या दाराशी एक बरणी होती. मधात मुरवलेला मुळा, खोकल्यावरचा. मग कारासावांकडून तसलीच दुसरी आली आणि मोमोसेच्या बायकोकडून तिसरी, सोबत आलं. सुमिएला म्हटलं, तू आजारी आहेस असं कोणी उठवलं? ती म्हणाली, परागकणांवरही चालतो म्हणे. खाल्ला. चांगला लागतो.

१८ मार्च

हिरवी रेघ वाकली. लाल तर जमिनीला टेकली, निळी शांत पडून आहे. आळीत नवा आजारी कोणी नाही. माझे परागकणही गेले, ऐन हंगाम सुरू होतोय तेव्हा गेले, हे नवल. डॉक्टरीणबाई रस्त्यात भेटल्या तेव्हा मी माझ्या पाटीच्या सिद्धान्ताबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरं आहे. चहा थांबला हे बरं झालं." चहाचा काय संबंध ते कळलं नाही. डॉक्टर लोकांचं बोलणं असंच, अर्धं मनात.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एवढ्या साथीत अख्ख्या आळीत न पडलेलं घर एकच, ते माझं. शिस्त.

कानाएला तक्त्याचा फोटो पाठवला. ती म्हणाली, आणखी दोन आठवडे असंच राहू दे.

३१ मार्च

आज प्रमुखपद संपलं, पाटी मोमोसेच्या हवाली केली. आणि कानाएचा फोन आला. तीन तारखेला येताहेत, जावई शुहेईसुद्धा. सुमिएने बाहुल्यांवरची धूळ झटकली. मी अंगणातल्या पीचच्या कळ्या पाहून आलो. दोन-तीन उमलल्याच आहेत.

आणि दुपारी माझं नाक वाहायला लागलं.

डोळेही खाजताहेत. परागकण, दुसरं काय. सुमिएला सांगितलं नाही. पण चहा पिताना हात थांबला. ओनोझावा आजींच्या छातीतली ती घरघर आठवली. त्या मोठ्या होत्या, उठल्या. सुझूची छाती माझ्या तळहाताएवढीसुद्धा नसेल. समजा, एक टक्का समजा, हे परागकण नसले तर?

असा विचार माझ्या मनात याआधी कधी आला नव्हता. आवडला नाही तो मला. पण जातही नाही.

१ एप्रिल

जन्मात पहिल्यांदा दवाखान्यात पेशंट म्हणून बसलो. एवढ्याएवढ्या खुर्च्यांमध्ये, बदकांची चित्रं असलेल्या भिंतीखाली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला काही झालेलं नाही, पण घाला ती काडी. नात येते आहे. काही सापडलं तर सुमिएला सांगून मी मोमोसेच्या गोदामात झोपेन, नात गेल्यावर बाहेर येईन.

बाईंनी हातमोजे चढवले. मग त्यांनी काडी इतकी आत घातली की मेंदूला गुदगुल्या झाल्या. नाकात पाहिलं, डोळे पाहिले, थांबायला लावलं. आणि आल्या त्या हसतच.

"मास्तर, या वेळी खरंच परागकण आहेत."

मी म्हटलं, या वेळी म्हणजे? मी तर फेब्रुवारीपासून तेच म्हणतोय.

हे मी वाटेत मोमोसेला सांगितलं तर तो विणायच्या गवताच्या भाऱ्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. ओनोझावा आजी खिडकीत हसल्या. घरी सुमिए हसता हसता ओट्याला धरून उभी राहिली, आणि मग एकाएकी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुम्ही गेलात तपासायला, स्वतःहून." यात रडण्यासारखं काय आहे? मी बरोबर होतो, एवढंच सिद्ध झालं.

३ एप्रिल

आली.

मी हात दोनदा धुतले, मास्क लावला, आणि कानाएने तिला माझ्या हातात दिलं. फोटोतून वजन कळत नाही. डोक्याला दुधाचा वास येतो हेही नाही. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, तयारी केली होती, पण मी नुसतं नाक ओढत राहिलो. परागकणांमुळे नव्हे.

सुझू पाच महिन्यांची, गुबगुबीत. राणीच्या मुकुटाकडे एकटक पाहत होती. दुपारी सगळी आळी बाळ पाहायला आली, पण आत एकही जण आला नाही. काचेच्या दाराबाहेर अंगणात रांगेने उभे राहून नऊ घरांनी वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, चहाला तरी या. ओनोझावा आजी म्हणाल्या, "मास्तर, चहा पुढच्या महिन्यात. इतके दिवस धीर धरला, आता काय."

धीर त्यांनी कशासाठी धरला होता ते मी विचारलं नाही, पण बरं वाटलं.

शुहेई भला माणूस आहे. गाडीपासून शिंकत होता. कानाए म्हणाली, दूर बस. तो म्हणाला, सर्दी नाही गं, परागकण आहेत. मी त्याची बाजू घेतली. म्हटलं, हा त्रास ज्याला आहे त्यालाच कळतो, आणि त्याला साके ओतली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

६ एप्रिल

काल सुझूचं नाक वाहायला लागलं. कानाए पांढरीफटक पडली. सगळ्यांनी का कोण जाणे आधी माझ्याकडे पाहिलं, पण माझ्याकडे डॉक्टरांची साक्ष होती. लगेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बराच वेळ छाती ऐकली. मी बाहेर भिंतीवरची बदकं पुन्हा पुन्हा मोजत होतो.

हलकी सर्दी. श्वास मोकळा, दूध व्यवस्थित पिते आहे, लक्ष ठेवा, पण घाबरू नका. बाई कानाएला म्हणाल्या, "हे पाहुणे दोन वर्षांत प्रत्येक बाळाकडे येऊन जातात. ती जरा मोठी झाल्यावर यावेत एवढंच आपल्या हातात होतं. तेवढं तुम्ही सगळ्यांनी केलंत." कानाए रडली, मग हसली, मग तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं. शुहेईची काडी तपासली होती. परागकण नव्हते.

माणूस स्वतःच्या बाबतीत किती आंधळा असतो. नाक वाहतंय, खोकतोय, आणि म्हणे परागकण. तरी मी त्याला रागावलो नाही. तरुण आहे, शिकेल.

९ एप्रिल

ताप. घसा सुजला आहे. वरच्या खोलीत आहे.

परवा सुझूला दोन्ही हातांनी वर धरलं होतं. ती हसली, आणि हसता हसता थेट माझ्या तोंडावर शिंकली. मास्क हनुवटीवर होता, कारण तिला माझं तोंड दिसावं असं मला वाटत होतं. आता ती ठणठणीत आहे. कानाए तिला जिन्याखाली आणून तिचा हात हलवून दाखवते, मी वरून हात हलवतो.

खाली दाराच्या मुठीला मुळ्याच्या बरण्या लटकल्या आहेत, सुमिए म्हणते मोजायच्या पलीकडे. मोमोसे रस्त्यावरून ओरडून विचारत होता, "तोकुजी, परागकण का रे?"

मी खिडकी उघडून सांगितलं की नाही, सर्दी आहे. सगळ्या आळीने ऐकलं. पोस्टात असताना कोणाचीही वस्तू सही घेतल्याशिवाय दिली नाही, तेव्हा ही माझ्या नावावर आलेली पहिली सर्दी मीही रीतसर सही करून घेतो. पाठवणारी, सुझू. मिळाली.